तळ्याचे दफ्तर

गळ टाकून मासा धरण्याच्या छंदाविषयी आपल्याकडे अशी एक समजूत रूढ आहे, की हा एकांतात रमणाऱ्या, काहीशा उदासीन वृत्तीच्या माणसांचा कालक्षेप असून त्याला गुरूची, सोबतीची अथवा संस्थेची काहीच गरज नसते. वेळूची काठी, थोडा दोरा आणि ओल्या मातीत सापडलेली चार गांडुळे एवढी सामग्री जमली, की वाटेल त्या काठावर बैठक मारावी आणि दैवावर हवाला ठेवून पाण्याकडे पाहत राहावे. गावच्या ओढ्यावर ज्याने बालपण काढले त्याला ही समजूत खरी वाटेल, आणि ओढ्यापुरती ती खरीही आहे. परंतु पाणी विस्तीर्ण झाले, त्यावर नगरपालिकेचा, पाटबंधारे खात्याचा, वनखात्याचा अथवा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेचा अंमल बसला, आणि त्यातील माशांचे जगणे-मरणे मनुष्याच्या वर्तनावर अवलंबून राहू लागले, म्हणजे एकट्या माणसाचे सामर्थ्य तोकडे पडते. त्या पाण्याचा पूर्वेतिहास त्याला अवगत नसतो, त्याची बाजू मांडण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि त्याने वर्षानुवर्षे जे पाहिले, जोखले, अनुभवले, ते सारे त्याच्याबरोबर काळाच्या उदरात नाहीसे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी गळ टाकणारांची मंडळे निर्माण झाली. त्यांपैकी पवईच्या तळ्याकाठी नांदणाऱ्या मंडळाचा, आणि त्याच्या अनुषंगाने आपल्या मुलखात व शेजारच्या मुलखात या विद्येची जी इतर पीठे आहेत त्यांचा परिचय करून देण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम परंपरेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण हा छंद साहेबाने विलायतेहून आणला असे पुष्कळांना वाटते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या नावाचा जो शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना त्यात आलेल्या प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे; परंतु त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकीचे प्रकार सांगताना 'मत्स्यविनोद' या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात काठी कशी असावी, दोरा कसा वळावा, गळ कसा असावा, माशांना एका ठिकाणी गोळा करण्यासाठी कोणते खाद्य आधी पाण्यात टाकावे, याचे विवेचन केलेले आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. समुद्रातले मासे कोणते व नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, आकाराने मोठे, मध्यम व लहान कोणते, अशी वर्गवारीही राजाने तेथे केली आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि मत्स्यशास्त्राचे थोर पंडित सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडात ज्याला या छंदाचा आद्य आचार्य मानतात त्या आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ चा, म्हणजे सोमेश्वरानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी झालेला. हे सांगण्यात पूर्वजांचा पोकळ अभिमान मिरवण्याचा उद्देश नाही. मला त्या प्रकरणाचे जे महत्त्व वाटते ते निराळे आहे: राजाने केवळ मासे धरले नाहीत, ते लिहून ठेवले. पाण्यापाशी केलेले निरीक्षण ग्रंथात गेले, म्हणून आठ-नऊ शतकांनंतर होरांसारख्या पंडिताला त्याचा उपयोग करता आला.

इंग्रजी अंमलात हाच उद्योग नव्या शिस्तीने पुढे चालला. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतील मासे गोळा करून १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, आणि आपल्या लोकांच्या तोंडी असलेले 'खुदरी' हे नाव एका देखण्या, निळसर परांच्या महासीर माशाच्या लॅटिन नावात कायमचे जाऊन बसले. पुढे दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या विद्येवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. थॉमस केवळ शौकीन नव्हता. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उपसण्याच्या व पाण्यात विष कालवण्याच्या प्रकारांविरुद्ध त्याने सरकारदरबारी सतत लिहिले, आणि त्याच्यासारख्यांच्या व मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याच्या खटपटीतून १८९७ चा मासेमारीचा कायदा झाला, ज्यात सुरुंगाची दारू उडवून अथवा विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरवण्यात आला. निलगिरीवर १८७७ मध्ये स्थापन झालेल्या शिकाऱ्यांच्या संस्थेने थंड ओढ्यांत वसवलेल्या ट्राउट माशाच्या धरणुकीलाही नियम लावले. तेव्हा या मंडळांच्या मुळाशी दोन प्रेरणा आरंभापासून एकत्र नांदत आल्या आहेत, एक विनोदाची आणि दुसरी बंदोबस्ताची. यांतील दुसरी क्षीण झाली की पहिलीही फार दिवस टिकत नाही.

आता पवईकडे वळू. मुंबईच्या उत्तरेस, साष्टीच्या टेकड्यांच्या कुशीत, ज्या जमिनी एके काळी कंपनी सरकारकडून फ्रामजी कावसजी बनाजी या उद्योगी पारशी गृहस्थाकडे पट्ट्याने आल्या होत्या, त्या परिसरात मुंबईच्या म्युनिसिपालिटीने पाण्याच्या टंचाईवर तोड म्हणून बंधारा घालून १८९१ मध्ये हे तळे तयार केले. १८६० चे विहार आणि १८७९ चे तुळशी ही तळी आधीच झाली होती; पवई हे त्यांचे धाकटे भावंड, आणि दुर्दैवाने नावडते. त्याचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे नाही असे लवकरच ठरले, आणि ज्या कामासाठी त्याचा जन्म झाला ते काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले. पण ज्या पाण्याला शहराने नाकारले, त्याला गळ टाकणारांनी आपले म्हटले. स्वातंत्र्यपूर्व काळातील युरोपियन व हिंदी शौकिनांची परंपरा पुढे चालवणारी बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन ही संस्था, जी पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली, ती या तळ्याच्या काठी १९५५ च्या सुमारास स्थिर झाली. मुंबईसारख्या, जेथे हातभर जागेसाठी माणसे आयुष्य झिजवतात अशा नगरीत, पाण्याच्या एका विस्ताराकडे दशकानुदशके एकाच भावनेने पाहणारी माणसे एकत्र राहिली, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

या मंडळाचे काम बाहेरून पाहणाऱ्यास सामान्य दिसते. सभासदांकडून वर्गणी घ्यावी, परवाने द्यावेत, होड्यांची व मचाणांची व्यवस्था ठेवावी, पावसाळ्याच्या सुमारास रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तळ्यात सोडावे, धरलेल्या माशांचे वजन करून नोंद घ्यावी. पण तळ्याभोवतीचे शहर जसजसे वाढत गेले, तसतसे या सामान्य कामाला निराळे स्वरूप येत गेले. १९५८ मध्ये स्थापन झालेली आय.आय.टी. पुढे काठावर आली, पुढे उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, टेकड्यांवरून वाहून येणाऱ्या गाळाने पात्र उथळ होत गेले, सांडपाण्याचे नाले येऊन मिळाले, आणि त्या सांडपाण्यातील खताच्या जोरावर जलपर्णीने पृष्ठभाग झाकण्यास प्रारंभ केला. अशा पाण्यात संकट येते ते बहुधा पहाटे. दिवसा पाण्यातील वनस्पती व शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात, परंतु रात्री त्याच वनस्पती आणि तळाशी कुजणारा गाळ तो वायू शोषून घेतात, त्यामुळे सूर्योदयापूर्वीच्या घटकांत त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. ढगाळ दिवसानंतर अथवा जलपर्णी मोठ्या प्रमाणावर कुजू लागल्यावर ते इतके खाली जाते, की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडी टाकतात. त्या वेळी कोणताही कारकून तळ्यावर हजर नसतो. मचाणावर बसलेला गळवाला मात्र असतो. पाण्याचा बदललेला वास, फेसाचा नवा रंग, एखाद्या नाल्याच्या मुखाशी माशांनी टाकलेला परिसर, या गोष्टी त्याच्या ध्यानात प्रथम येतात, आणि त्याच्या पाठीशी संस्था असली म्हणजे त्याचे म्हणणे अर्जाच्या स्वरूपात महापालिकेपर्यंत जाते. पवईच्या तळ्यात मगरींची वसती आहे, त्यांच्या विश्रांतीच्या व अंडी घालण्याच्या जागा कोठे आहेत, हेही काठावर नित्य वावरणाऱ्या या माणसांनाच उत्तम ठाऊक. तळ्याकाठी सायकलींसाठी मार्ग बांधण्याची महापालिकेची योजना मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवली, ती दोघा विद्यार्थ्यांच्या अर्जावरून. पाण्यावर प्रेम करणारी चार माणसे जागी असली म्हणजे काय घडू शकते, याचे ते उदाहरण आहे.

नवख्या माणसाने अशा मंडळात का जावे, या प्रश्नाचे एक सरळ उत्तर असे, की तेथे विद्या मिळते. पुस्तके वाचून काठी घेता येते, पण पाणी वाचता येत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात वावरतो. मृगळ तळाशी चरतो. म्हणून एकाच तळ्यात, एकाच दिवशी, एकाच आमिषाने गळ किती खोल सोडला यावर यश अवलंबून राहते. कणकेच्या गोळीत भाजलेले बेसन किती, शेंगदाण्याची पेंड किती, गोळी पाण्यात किती वेळाने सुटावी, चारा आदल्या दिवशी टाकावा की त्याच सकाळी, तरंगणारी बोंडी थरथरली म्हणजे झटका द्यावा की ती तिरपी होऊन चालू लागेपर्यंत थांबावे, याविषयी जुन्या सभासदांची मते ठाम असतात व परस्परविरोधीही असतात, आणि त्या मतभेदांत नवख्याचे खरे शिक्षण होते. महासीरासारख्या नदीच्या बलाढ्य माशाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असे भक्कम दात असतात, की कठीण कवचाच्या गोगलगायी व खेकडे तो चुरडून टाकतो आणि हलक्या प्रतीचा गळ वाकवतो. गळाला लागताक्षणी तो प्रवाहाच्या दिशेने अशी धाव घेतो, की रिळावरचा दोरा संपत आला तरी त्याची धाव संपत नाही. अशा वेळी बोटाने रीळ किती दाबावे हे शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसाच्या दोन शब्दांनी समजते.

त्याहून महत्त्वाची विद्या म्हणजे मासा सोडून देण्याची. धरलेला मासा पाण्यात परत सोडावा ही प्रथा आज बहुतेक जबाबदार मंडळांनी, विशेषतः महासीराच्या बाबतीत, नियम म्हणून स्वीकारली आहे. पण सोडणे म्हणजे फेकणे नव्हे. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करावा लागतो, म्हणजे जखम लहान होते व गळ चटकन निघतो. माशाला कोरडा हात लावू नये, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप हेच रोगापासून त्याचे संरक्षण, आणि कोरडा तळवा तो पुसून काढतो. दीर्घ झुंजीने त्याचे स्नायू थकून गेलेले असतात, तेव्हा त्याला प्रवाहाकडे तोंड करून, पोटाखाली हात धरून, कल्ले नियमित हलू लागेपर्यंत व शेपटीत जोर येईपर्यंत धरून ठेवावे लागते. वजनासाठी त्याला काट्यावर टांगण्याचेही कारण नाही. पोटाचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि ८०० ने भागावे, म्हणजे पौंडांत वजनाचा बराच जवळचा अंदाज येतो. हे सारे एकट्याने करणे कठीण, सोबत्याच्या मदतीने सोपे. ज्याला ही रीत शिकण्याचा कंटाळा आहे त्याने गळ हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु मंडळाच्या सर्व कामांत मी ज्याला अग्रस्थान देतो ते काम म्हणजे दफ्तर. कोणत्या दिवशी, किती वेळ गळ टाकला, कोणता मासा लागला, किती वजनाचा, कोणत्या जागी, आणि काहीच लागले नाही तर तेही, अशी नोंद रोज नेमाने करणे हे वरवर रुक्ष काम आहे, आणि पुष्कळ सभासद ते टाळतातही. त्याचे मोल कावेरीच्या काठी सिद्ध झाले. बंगळुरात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारताच्या वन्यजीव मंडळाने, म्हणजे 'वासी'ने, आणि पुढे कर्नाटक सरकारच्या वनविश्रामांनी, कावेरीच्या पात्रात नाचणीच्या पिठाचे गोळे लावून प्रचंड आकाराचे महासीर धरण्याचा व सोडण्याचा प्रघात पाडला. भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोरे ही तेथली नावे जगभरच्या शौकिनांच्या तोंडी झाली, आणि पूर्वी चोरून मासेमारी करणारी गावची माणसेच तेथे वाटाडे व राखणदार म्हणून कामाला लागली. गालिबोरे येथील छावणीत १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. २३ हजारांहून अधिक तासांचे श्रम आणि ६ हजारांहून अधिक मासे, एवढा तो पसारा. शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा असे आढळले, की धरल्या जाणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती, पण त्यांचे सरासरी वजन घटत चालले होते. आणि याहून गंभीर गोष्ट अशी, की कावेरीचा मूळचा, पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला, नारिंगी परांचा महासीर नोंदींतून जवळजवळ नाहीसा झाला होता व त्याची जागा निळसर परांच्या दुसऱ्या महासीराने घेतली होती. नदीकाठी बसलेल्या एकाही माणसाला हे संपूर्ण चित्र दिसले नसते; प्रत्येकाने आपापला मासा पाहिला, आणि दफ्तराने नदी पाहिली.

तो दुसरा महासीर कोठून आला, याचा शोध घेत गेले म्हणजे आपण थेट आपल्या सह्याद्रीवर येऊन पोहोचतो. लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी बांधलेल्या वळवणच्या जलाशयावर, महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे एके काळचे संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास दख्खनी महासीराच्या कृत्रिम प्रजननाचा उद्योग आरंभला, आणि श्री. ओगले यांच्या सहकार्याने तो पुढे मोठ्या प्रमाणावर वाढवला. धरणांनी नद्यांचे चढणीचे मार्ग अडवले, सुरुंगांनी व विषाने डोह ओसाड केले, त्यामुळे साइक्सने वर्णिलेला हा मासा त्याच्या जन्मभूमीतच दुर्मीळ होत चालला होता. पावसाळ्यात पक्व झालेली मादी धरून तिची सोनेरी झाक असलेली जड अंडी हलक्या हाताने ताटलीत उतरवायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे, आणि सतत वाहत्या, प्राणवायूने समृद्ध अशा पाण्यात ती तीन-चार दिवस उबवायची. कार्पच्या मानाने ही अंडी संख्येने थोडी आणि स्वभावाने नाजूक. ओलसर कापसात गुंडाळून अंडी लांबवर पाठवण्याची युक्तीही याच ठिकाणी यशस्वी झाली. लोणावळ्याची पिल्ले अनेक राज्यांत गेली, आणि त्यांतली काही कावेरीत पडली.

या कथेचा निवाडा एका वाक्यात देता येत नाही, आणि तो घाईने देऊही नये. कुलकर्णी-ओगले यांच्या कार्याने महाराष्ट्राचा एक मासा वाचण्यास मोठे साहाय्य झाले. जागतिक निसर्ग-संवर्धन संघाच्या यादीत एके काळी संकटग्रस्त म्हणून नोंदलेली ही जात आता त्या वर्गात नाही. त्याच पिल्लांनी दुसऱ्या नदीत मात्र तेथल्या मूळ रहिवाशाची जागा घेतली. तो वशिंडाचा महासीर म्हणजे केरळातील पांबार नदीतून पूर्वी वर्णिलेली 'टॉर रेमादेवी' हीच जात होय, हे शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये निश्चित केले, आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाली. म्हणजे ज्या माशाची छायाचित्रे शंभर वर्षे शिकाऱ्यांच्या दिवाणखान्यांत लटकत होती, त्याला शास्त्रात नाव मिळेपर्यंत तो मरणपंथाला लागला होता. जे मासे ज्या खोऱ्याचे, ते त्याच खोऱ्यात सोडावेत, हा दंडक आज संवर्धनाचे अभ्यासक आग्रहाने मांडतात. पाण्यात बीज सोडण्याचा उत्साह प्रत्येक मंडळात असतो, आणि तो स्तुत्य आहे. पण कोणते बीज, कोठून आणलेले, हे विचारणारा एक तरी सभासद प्रत्येक बैठकीत असला पाहिजे.

ज्याला मंडळ म्हणता येणार नाही, अशीही एक संस्था आपल्याकडे या सर्वांच्या आधीपासून आहे, आणि तिचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. महाडजवळ काळ नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथले महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात, म्हणून आसपासचा कोणीही तेथे जाळे अथवा गळ टाकीत नाही, उलट येणारे-जाणारे त्यांना चुरमुरे घालतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही माशांना असेच अभय आहे, आणि शृंगेरीस तुंगेच्या घाटावर ते शारदापीठाच्या छायेत निर्भयपणे फिरतात. ज्याला महासीर पाहायचा आहे, त्याचे चालणे, वळणे, प्रवाहात उभे राहणे न्याहाळायचे आहे, त्याने काठी घेऊन निघण्यापूर्वी अशा एखाद्या डोहाच्या काठी जाऊन बसावे.

आता ज्या वाचकाला आपल्या जिल्ह्यात हा छंद करावयाचा आहे त्याच्या उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. महाराष्ट्रातील बहुतेक तलाव व जलाशय मत्स्यव्यवसाय खात्याकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठराविक मुदतीच्या ठेक्याने दिलेले असतात. तेव्हा काठावर पोहोचून परवानगीची विचारपूस करण्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कचेरीत जाऊन त्या पाण्याचा ठेका कोणाकडे आहे हे आधी विचारावे. धरणाच्या भिंतीजवळ पाटबंधारे खात्याची मनाई असते, आणि अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यामुळे गळ टाकणे गुन्हा ठरू शकते, याचे भान ठेवावे. सहकारी संस्थेच्या अध्यक्षाची भेट घेतली, आपण जाळे टाकणार नाही व त्यांच्या पोटावर पाय देणार नाही अशी त्याची खात्री पटवली, तर बहुतेक ठिकाणी दिवसाची रजा माफक शुल्कात मिळते, आणि त्याबरोबर जी माहिती मिळते तिला मोल नाही: मरळ कोणत्या लव्हाळ्यात घरटे करते, शिवडा कोणत्या डोहात रात्री वर येतो, चिलापीने कोणता कोपरा व्यापला आहे, वाम कोणत्या महिन्यात धरू नये. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगली आहेत. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी त्यांच्याशी वागताना शौकिनाचा तोरा बाजूला ठेवावा.

मंडळ निवडताना त्याच्या करंडकांच्या कपाटाकडे पाहू नये. त्यांच्याकडे पाणी कोणते आहे व ते कोणत्या अटीवर मिळाले आहे, पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत ते गळ बंद ठेवतात की नाही, परवान्यावर धरलेल्या माशांची मर्यादा लिहिलेली आहे काय, मुलांना काठावर बसू देतात काय, आणि नोंदवही दाखवा म्हटल्यावर ती पुढे करतात की विषय बदलतात, एवढ्यावरून मंडळाची परीक्षा होते. हिमाचलात व काश्मिरात ट्राउटच्या ओढ्यांसाठी सरकारच दिवसाचे परवाने देते, आणि हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटला गळ लावण्याची बंदी असते, कारण तो मासा थंडीत विणतो. तेव्हा उत्तरेकडे जाणाऱ्याने ऋतूची चौकशी करून निघावे.

कोकण किनाऱ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे गरी टाकणे हा अनेक घरांतला नित्याचा व्यवहार असून खडकावर बसून गरवणाऱ्याला सभासदत्वाची पावती लागत नाही. पण तिथीचे ज्ञान लागते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत पाण्याचा जोर किती निराळा असतो, भरती खडकाच्या मागच्या बाजूने येऊन परतीची वाट कशी तोडते, खाडीच्या तोंडाशी जिताडा कोणत्या पाण्याला येतो आणि तांबोशी कोणत्या दगडाखाली दबा धरून असते, हे गावच्या कोळ्याने अथवा गाबिताने सांगितल्यावाचून कळत नाही, आणि न कळता त्या खडकावर जाणे जिवावर बेतते. पावसाळ्यात, म्हणजे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते; त्या दिवसांत समुद्र खवळलेला असल्याने काठीवाल्यानेही खडक सोडावा आणि खाडीच्या सुरक्षित काठावर, जाणत्या माणसाच्या सोबतीने, काळुंदरे धरण्यात समाधान मानावे. किनाऱ्यावरच्या गावांतून अशा जाणत्यांची मंडळे अद्याप बहुतेक ठिकाणी बनलेली नाहीत. ती बनली, आणि पवईप्रमाणे त्यांनीही एक वही घातली, तर कोणत्या खाडीत जिताडा कोणत्या वर्षी किती आला व कधीपासून येईनासा झाला, याचा दाखला आज केवळ म्हाताऱ्यांच्या स्मरणात आहे तो कागदावर येईल. आणि ते काम येत्या ऑक्टोबरात, पाणी निवळल्यावर, कोणत्याही गावी पाच-सहा माणसांना सुरू करता येण्याजोगे आहे.